सुट्टे

जेल रोडवरचा फ्लॅट. रात्रीचे दोन.
मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप,
आणि पडद्यावर शिल्लक: शून्य.

एक नाणं होतं, पाचाचं.
सरावाचं, खोटं, फुकट मागून आणलेलं.
त्यातून शून्य पूर्णांक तीन फिरदोसला पाठवलं,
पाथर्डी फाट्याला. तोही जागाच.
‘पोचलं,’ म्हणाला, ‘जेवलीस का?’
त्याला पोचलं ते बरोबर,
पण माझ्याकडे काहीच उरलं नाही, हे कसं?

पाकीट म्हणतो आम्ही, पण त्यात काही नसतं.
ते नुसतं वाचत बसतं
एक लांबच लांब वही, पहिल्या पानापासून.
हे माझं का? नाही. हे? नाही. हे? हो, मांड.
खोडायची सोय नाही. चुकलं तर
खाली नवी ओळ.

तशी एक वही मी पाहिली आहे,
रामकुंडावर, गुरुजींच्या लाल कापडात.
पणजोबांचा अंगठा, खाली आजोबांची सही,
त्याखाली बाबांची, जरा तिरकी,
मग कोरी जागा.
मुलींची नावं लिहितात का, मी विचारलं नाही.

बाबा उठले. पाणी, गोळी, दिव्याचं बटण.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात,
मोजणी खात्यात.
दिवसभर बोटांखालून कोट्यवधी जायचे
आणि संध्याकाळी गेटवर
खिसे उलटे करून दाखवायचे.
रोज. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा.
अजूनही घरात शिरताना त्यांचा हात
आपोआप खिशाकडे जातो.

‘काय अडलंय?’
‘शिल्लक लागत नाहीये.’
हा शब्द ऐकून ते खुर्ची ओढून बसले.
चष्मा नव्हता, तरी पडद्याकडे बघत.

‘किती होते?’ पाच.
‘दिले किती?’ शून्य पूर्णांक तीन.
‘नोट मोडलीस?’
मोडावीच लागते, बाबा. अख्खी जाते,
तुकडा पाडून देता येत नाही.
‘मग सुट्टे?’

सुट्टे परत येतात,
पण जुन्या पत्त्यावर नाही.
दर वेळी पाकीट नवा पत्ता काढतं,
कुणाला माग लागू नये म्हणून.

‘आणि तो नवा पत्ता कुणाचा?’
माझाच.
‘मग तुझंच पाकीट त्याला ओळखत कसं नाही?’

मी गप्प.
बाहेर नाशिक रोडकडून मालगाडी गेली,
डबे मोजता येतील इतकी सावकाश.
बाबांनी मोजले असणार.

एकच ओळ राहिली होती.
बाहेरून आलेलं जमेला धरत होते,
स्वतःकडून स्वतःकडे आलेलं
परकं समजून सोडून देत होते.
तीन दिवस. चार कप कोरा चहा. एक ओळ.

पुन्हा चालवलं. वही पहिल्या पानापासून
सरकली. थांबली.
चार पूर्णांक सहा नऊ नऊ आठ.

मी ओरडणार होते, शेजारचं बाळ आठवलं.
बाबा मात्र खूश दिसेनात.
बोटांवर काहीतरी चाललं होतं त्यांचं.
‘चार पूर्णांक सात हवेत,’ म्हणाले.
‘शेवटचे दोन कुठे गेले?’

दशांशाच्या चौथ्या घरातले दोन, बाबा.
लिहिणाऱ्याची फी. वहीत ओळ चढवतो तो ठेवून घेतो.

‘नोंद आहे?’
आहे. ही बघा.
त्यांनी पडद्याला अगदी नाक लावून
तो आकडा वाचला, प्रत्येक शून्य ओठांनी.

‘आणि झडती? झडती कोण घेतं?’
सगळेच. कुणीही, कधीही, कुठूनही.

‘हं,’ म्हणाले.
उठताना लेंग्याच्या खिशात हात गेला,
गोळीचं रिकामं पाकीट निघालं, चांदीच्या कागदाचं.
दहा घरं, दहाही फुटलेली.
ते त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं,
सरळ, काठाला काठ लावून,
आणि दिवा तसाच ठेवून झोपायला गेले.